तळें राखी तो पाणी चाखी

"तळें राखी तो पाणी चाखी" ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. तिचा अर्थ बहुधा असा करतात कीं, ज्याच्या हातीं कारभार, त्यानें थोडेंबहुत चाखलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु असा अर्थ करतांना म्हणीचा पूर्वार्ध आपण विसरतों. चाखण्याचा हक्क राखणाराचा आहे. राखण्याचें काम टाकून जो नुसता चाखत बसतो, असा मनुष्य उद्योगधंद्यांच्या गादीवर बसला म्हणजे त्या धंद्याचें व पर्यायानें देशाचें काय होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे. उदाहरणासाठीं दूर जावयास नको. मुंबईच्या कापडगिरण्यांचेंच घेऊं.

सन १८५४ मध्यें कावसजी नानाभाई दावर यांनीं सूत काढण्याची कंपनी स्थापन केली व १८५६ सालीं ताडदेव येथें तिचीं यंत्रें फिरूं लागलीं. पुढें पन्नास वर्षांच्या आंत भायखळा, परळ, लालबाग या भागांत धुराड्यांचें रान उठलें. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचीं हजारों कुटुंबें गिरणीच्या पगारावर जगूं लागलीं. कोंकणांतील कित्येक घरांचे डोळे मनीऑर्डरीच्या वाटेकडे लागलेले असत. हा लेख वाचणारांपैकीं कोणाकोणाचे आजे-पणजे त्या गिरण्यांत उभे राहिले असतील.

गिरण्यांची मालकी शेअर घेणारांची, परंतु कारभार 'मॅनेजिंग एजंट' नांवाच्या पेढ्यांकडे असे. या एजंटांचा मोबदला ठरविण्याची मुंबईची जुनी रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जितकें सूत निघेल, त्यावर दर पौंडामागें पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा! सूत चांगलें कीं वाईट, तें नफ्यानें विकलें गेलें कीं तोट्यानें, हा प्रश्नच नाहीं. गिरणी बुडाली तरी बुडेपर्यंतचा पाव आणा एजंटाच्या पदरीं पडलेला असे. मग तो काय करील? जाडेंभरडें सूत भराभर काढील. चीनमध्यें अशा सुतास मोठें गिऱ्हाईक होतें, तोंवर हें खपून गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपान त्या बाजारांत उतरला, मागाहून चीनमध्येंच गिरण्या निघाल्या, आणि मुंबईचें तें गिऱ्हाईक हातचें गेलें. पुढें पुष्कळ गिरण्यांत कमिशन नफ्यावर देऊं लागले हें खरें. परंतु पडलेली संवय एका ठरावानें जात नसते.

ती गेली नव्हती याचा पुरावा पहिल्या महायुद्धानंतर मिळाला. त्या दोन-चार वर्षांत गिरण्यांस अमाप नफा झाला. शेतकरी सुगीच्या वर्षीं बीं राखतो व विहिरीची डागडुजी करतो. गिरण्यांनीं मात्र त्या सुगीचा मोठा भाग डिव्हिडंडांत वांटून टाकला. मंदी आली तेव्हां यंत्रें जुनीं होतीं व गंगाजळी अपुरी होती. त्याच काळीं जपानांत साकिची टोयोडा यांनीं धोटें बदलण्यासाठीं न थांबतां चालणारा माग १९२४ सालीं सिद्ध केला. ज्या इंग्लंडनें जगास कापडाचीं यंत्रें विकलीं, त्याच इंग्लंडांतील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या विख्यात कारखान्यास १९२९ सालीं त्या मागाचे हक्क विकत घ्यावे लागले. कालचा गुरु आज शिष्य झाला! जो देश नवें शिकण्याचें थांबतो, तो पहिल्या दिवशीं गरीब होत नाहीं. तो पहिल्या दिवशीं फक्त निश्चिंत होतो. गरिबी मागाहून येते.

येथें कोणी म्हणेल, "हा सर्व दोष मालकांवरच कां? परक्या सरकारचा अन्याय नव्हता काय?" होता, व मोठा होता. १८९६ पासून १९२५ पर्यंत देशी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के कर लादलेला होता, आणि त्यांत लँकेशायरचें हित पाहिलें जाई, हें जगजाहीर आहे. परंतु त्याच सरकारच्या अमलांत जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल काढली. कापसाच्या मुलुखांत गिरणी बांधली, रिंग पद्धतीच्या चात्या इतर पुष्कळांच्या आधीं आणून पाहिल्या, १८८६ सालीं कामगारांसाठीं पेन्शन फंड काढला व १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईची सोय केली. त्या पैशांतून त्या वर्षाचा नफा वाढला नसेल. परंतु ती गिरणी शंभराहून अधिक वर्षें चालली. काळ तोच, सरकार तेंच, कर तोच; दृष्टि मात्र निराळी.

स्वराज्य आल्यावरही मुंबईची गोष्ट फारशी बदलली नाहीं. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७० सालीं कायद्यानें बंद झाली. तोंवर कित्येक गिरण्या इतक्या पोखरल्या होत्या कीं, १९७४ सालीं देशांतील १०३ आजारी गिरण्या सरकारास ताब्यांत घ्याव्या लागल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाच्या पुढाऱ्यांचे आडाखे चुकले, हें मान्य केलें पाहिजे. पण ज्या घराच्या भिंती आधींच वाळवीनें खाल्लेल्या असतात, तेंच पहिल्या वादळांत कोसळतें. पुढें १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी झाली. जमिनीचा एक भाग मालकास, एक शहराच्या मोकळ्या जागांस व एक स्वस्त घरांस, अशी ती वांटणी होती. २००१ सालीं ती केवळ मोकळ्या जागेपुरती उरली व २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. परिणाम असा झाला कीं, चालत्या गिरणीपेक्षां मेलेली गिरणी अधिक मोलाची ठरली. ज्या समाजांत धंदा चालविण्यापेक्षां तो मोडण्यांत अधिक लाभ असतो, तेथें धंदे चालावे तरी कसे?

पाव आण्याचा एजंट आतां इतिहासजमा झाला, असें समजून निर्धास्त होऊं नये. तो निराळ्या पोषाखांत परत आला आहे. आज बाजारांत नोंदलेल्या कंपन्या दर तीन महिन्यांनीं हिशेब जाहीर करतात. हिशेब उघड असणें हें चांगलेंच. परंतु कारभाऱ्याचें बक्षीस जर त्या तिमाहीच्या आंकड्यावर व शेअरच्या भावावर ठरूं लागलें, तर संशोधन, यंत्रांची दुरुस्ती, कामगारांचें शिक्षण, या सर्व गोष्टी त्यास खर्चाच्या रकान्यांतील धोंडे वाटूं लागतात. ते काढून टाकले कीं नफा तत्काळ फुगतो, आणि पांच वर्षांनीं कंपनी खंगते तेव्हां तो कारभारी दुसऱ्या खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून माझें मत असें कीं, कारभाऱ्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग कांहीं वर्षें राखून ठेवून, कंपनी तोंवर सुदृढ राहिली तरच तो द्यावा. यंत्रांच्या झिजेची तरतूद झाल्याखेरीज डिव्हिडंड वांटूं नये. आणि धंदा बुडवून जमीन विकण्यांत कोणासही लाभ उरूं नये.

पालकांस एक विनंति आहे. आपण शेअर घ्याल तेव्हां यंदा किती मिळालें एवढेंच न विचारतां, कंपनीनें उद्यांसाठीं किती राखलें हेंही विचारावें. भाग घेणाराच जर उतावळा असेल, तर कारभाऱ्यानें धीर कोणासाठीं धरावा?

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस हा विषय दूरचा वाटूं देऊं नका. परीक्षेच्या आदल्या रात्रीं अपेक्षित प्रश्नांचीं उत्तरें घोकून गुण मिळविणारा विद्यार्थी पाव आण्याच्या एजंटाचाच धाकटा भाऊ होय. त्याचें जाडेंभरडें सूत त्या दिवसापुरतें खपतें. पुढें तुमच्यापैकीं कोणी इंजिनियर होतील, कोणी हिशेबनीस, कोणी कारखान्याचे चालक. तुमच्या हातीं एखादें तळें येईल. पाणी अवश्य चाखा, तो तुमचा हक्क आहे. परंतु बांध फुटला नाहींना, गाळ सांचला नाहींना, हें पाहून मग ओंजळ भरा. तुमच्या मागून येणाराही तहानलेलाच असणार.