मोठा मासा आणि पाण्याचे दार

शहराच्या मध्यभागी असलेल्या खाऱ्या तळ्यात हातभर नव्हे, पुरुषाच्या कमरेपर्यंत पोहोचेल एवढा मासा असतो, असे कोणी म्हटले की ऐकणारे हसतात. गळ टाकून बसणाऱ्यांची साक्ष कोणी गंभीरपणे घेत नाही. निसटलेल्या माशाचे वजन दर बैठकीला शेरभर वाढते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या हसण्याला आमचा आक्षेप आहे आणि तो गळवाल्यांच्या अब्रूसाठी नाही. ज्या पाण्यात काही जगत नाही असे एकदा ठरले, त्या पाण्यात भराव घालावयास, सांडपाणी सोडावयास आणि कडेला बाक मांडून त्याला 'सुशोभित' म्हणावयास कोणालाही संकोच वाटत नाही. मासा खोटा ठरविणे ही तळे मारण्याची पहिली पायरी आहे.

उदाहरण दूरचे घेतो, कारण ते पुरते उघड झालेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचे शहर आहे. त्याच्या ऐन वस्तीत मेरिट नावाचे तळे आहे. त्याला तळे म्हणतात खरे, पण ते मुळात सॅन फ्रान्सिस्को उपसागराची आत शिरलेली एक खाडी. शहराची घाण तीतच जात असे. 1869 साली डॉ. सॅम्युएल मेरिट यांनी तिच्या मुखाशी बांध घालविला आणि दलदलीचे तळे झाले. काठच्या जमिनी डॉक्टरसाहेबांच्याच होत्या, तेव्हा या सार्वजनिक कार्यात त्यांचे अगदीच नुकसान झाले असे नाही! पुढल्याच वर्षी, 1870 मध्ये, राज्याने तेथे पक्ष्यांच्या शिकारीस बंदी केली आणि मासे धरावयाचे तर केवळ गळाने, असा नियम केला. अमेरिकेतील पहिले वन्यजीव अभयारण्य म्हणून या तळ्याची ख्याती आहे. पक्ष्यांना अभय मिळाले, जाळ्याला मज्जाव झाला. पण बांधाने समुद्राचे दार अरुंद केले, त्याविषयी कायदा मुका राहिला. पुढील सुमारे दीडशे वर्षे तळ्यात येणारीजाणारी भरती बांधाखालच्या नळांतून कशीबशी वाहत राहिली.

या तळ्यात गळवाले ज्याच्या मागे असतात तो मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, अंगावर काळ्या रेघा असलेला. तो त्या किनाऱ्याचा मूळ रहिवासीही नव्हे. 1879 साली पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सीमधून 132 पोरसवदा मासे आगगाडीने खंड ओलांडून आणले आणि उपसागराच्या पाण्यात सोडले. त्यांचा वंश तेथे फोफावला. मेरिट तळ्यात तो मुक्कामाला राहत नाही. भरतीबरोबर लहान माशांचे थवे आत येतात, त्यांच्या पाठोपाठ हा येतो, आणि पाणी फिरले की बहुधा निघून जातो. तळे उथळ, भर दुपारी तेथे मोठ्या माशाला लपावयास जागा नाही. म्हणून जाणते लोक पहाटे किंवा दिवे लागल्यावर, प्रवाह जेथे अरुंद होऊन धावतो तेथे, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर गळ टाकतात. दुपारी काठाने फेरी मारणाऱ्याला मासा दिसला नाही, हा माशाच्या अभावाचा पुरावा नव्हे. फेरी मारणाऱ्याच्या वेळापत्रकाचा आहे.

2002 साली ओकलंडच्या नागरिकांनी मतदान करून या तळ्यासाठी व शहरातील इतर पाण्यांसाठी सुमारे 19 कोटी 80 लाख डॉलरांचे कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले. त्यातून बाराव्या रस्त्याखालचा जुना बांध व नळ काढून 2013 साली तेथे शंभर फूट रुंदीचा उघडा प्रवाह करण्यात आला. पाणी खेळू लागले आणि पाकट जातीचे मोठे मासे शहराच्या मध्यभागी पोहताना लोकांनी पाहिले. तरी काम पुरे झाले असे समजू नये. समुद्राच्या वाटेवर सातव्या रस्त्याशी पूरनियंत्रणाचे पंपघर आजही आहे आणि तेथील झडपा अजून भरतीला आवर घालतात.

मग 2022 चा ऑगस्ट आला. 'हेटेरोसिग्मा अकाशिवो' नावाचे सूक्ष्म शेवाळ उपसागरात माजले, पाणी चहाच्या रंगाचे झाले आणि त्यातला प्राणवायू सरला. मेरिट तळ्याच्या काठावर हजारो मेलेले मासे येऊन लागले; त्यांत मोठमोठे बास होते, पाकटी होत्या. उपसागराच्या काठी शंभर वर्षे जगू शकणाऱ्या स्टर्जन माशांची शेकडो प्रेते मोजली गेली. ज्यांना तळ्यात मोठा मासा आहे हे पटत नव्हते, त्यांना ते त्या आठवड्यात नाक दाबून पटवून घ्यावे लागले. शेवाळाला खाद्य कोणी पुरविले? उपसागराभोवतीच्या सदतीस मैलाशुद्धी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नत्राने. 2024 साली तेथील जलमंडळाने 2034 पर्यंत उन्हाळी दिवसांतील हे नत्र चाळीस टक्क्यांनी घटविण्याचा हुकूम काढला. खर्च अब्जावधी डॉलरांचा आहे. मासा हसण्यावारी नेण्याची ही किंमत!

आणखी एक गोष्ट तेथील गळवाल्यांपैकी पुष्कळांना रुचत नाही. राज्याच्या आरोग्यखात्याने बजावले आहे की, या उपसागरातील स्ट्राइप्ड बास व स्टर्जन मुलांनी आणि अपत्य होण्याच्या वयातील स्त्रियांनी खाऊच नये. कारण पारा. एकोणिसाव्या शतकात डोंगर फोडून सोने काढताना जो पारा वापरला, तो नद्यांच्या गाळातून आला आणि अजून तेथेच आहे. लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा. प्रत्येक पायरीवर विष साठत जाते. सर्वांत मोठा, सर्वांत जुना, ज्याच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यावे असा मासाच सर्वांत विषारी. ताटात वाढावयाचा नाही, तर मारावयाचा कशासाठी? पोटासाठी गळ टाकणाऱ्या गरिबाला आम्ही हा प्रश्न विचारीत नाही. त्याच्यासाठी पाणी शुद्ध करणे हे नगराचे कर्तव्य आहे. आमचा प्रश्न छायाचित्रवाल्याला आहे. त्याला आणखी एक गोष्ट ऐकविली पाहिजे. फार मोठे बास जवळजवळ सर्व माद्या असतात. तीस पौंडांचा 'वीर' ज्याला तो समजतो, ती आई असते.

आता वाचक म्हणतील, ओकलंडच्या तळ्याचे पुराण आम्हांस कशाला? आमच्याकडे तसे तळे कोठे आहे?

आहे. एक नव्हे, गावोगाव आहे. गोव्यातील खाजन जमिनी सतरा-अठरा हजार हेक्टरांच्या घरात धरल्या जातात. बांध घालून समुद्राला बाहेर थोपविले, आत कोरगूट भात पिकविले, आणि बांधाच्या आतल्या निमखाऱ्या पाण्यात मासळी राखली. ही विद्या आपल्या पूर्वजांनी ओकलंड जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधी सिद्ध केली. तिचे मर्म आहे मानशीत. भरती चढली की पाण्याच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. किती खारे पाणी आत घ्यावे, किती बाहेर सोडावे, हे गावकरी ठरवीत, आणि त्याच गावकरीच्या उत्पन्नातून देवळाचा खर्च चाले. शेत, मासा आणि देऊळ यांचा हिशेब एकाच दारातून जात होता. मेरिट साहेबांनी समुद्राचे दार आवळले आणि दीडशे वर्षांनी लोकांनी कर्ज काढून ते मोकळे केले. आमच्या पूर्वजांनी मिटणारे आणि उघडणारे दार केले. श्रेष्ठ कोण, हे सांगावयास नको.

परंतु श्रेष्ठत्वाच्या या गोष्टी सभेत टाळ्या घेण्यापुरत्या उरल्या आहेत. 1964 च्या कूळकायद्यानंतर बांधांची आणि मानशींची देखभाल पुढे कुळांच्या संघांकडे आली. आज कित्येक ठिकाणी मानशीच्या मासळीची पावणी होते, सर्वांत मोठी बोली करणारा दार ताब्यात घेतो, आणि त्याला भाताशी कर्तव्य नसते. मासळी हवी म्हणून तो भरतीला दार उचलून धरतो, ओहोटीला मुखाशी जाळे लावतो. शेत खारावले तर शेतकरी रडेल. बोलीदाराचे काय जाते? एकदा शेत पडीक झाले की ती 'निरुपयोगी' जमीन म्हणावयास बाहेरचे ग्राहक टपलेलेच आहेत. बांध आपोआप फुटले की फोडले, याविषयीच्या तक्रारी गोव्याला नव्या नाहीत.

आणि मासा? येथला मोठा, हुलकावणी देणारा मासा म्हणजे चोणक. रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात, बंगाली भेटकी म्हणतात, तोच. त्याचे चरित्र मोठे विलक्षण आहे. तो जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षे नर म्हणून जगून, अंगाने वाढला की मादी होतो. अंडी घालावयास खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. पिले भरतीबरोबर खाड्यांत, खाजनांत येऊन वाढतात. याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. मानशीच्या जाळ्यात लहान चोणक सरसकट मारले तर मादी होण्याइतके वय कोणाला लाभत नाही. आणि मोठे तेवढे निवडून मारले तर उरतात केवळ नर. दोन्ही बाजूंनी वंश बुडतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात याच माशाला 58 सेंटिमीटरांखाली आणि 120 सेंटिमीटरांवर धरणे गुन्हा आहे. बाळाला अभय, आईला अभय. चोणकाची पैदास कृत्रिम रीतीने करण्याची विद्या चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 सालीच साधली आहे. ती चांगली गोष्ट आहे. पण हौदातल्या चोणकाच्या जोरावर खाडीतल्या चोणकाचा हक्क सोडून द्यावा, हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेणार नाही. हौद बांध राखीत नाही.

आपला समाज या बाबतीत अगदी निष्पाप आहे असे कोणी समजू नये. देवळाच्या तळीत गळ टाकण्याची कोणाची छाती नाही. श्रावण पाळतो, सोमवार पाळतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत आणि नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पण करतो. हा संयम खरा आहे, आणि त्यामागे विणीच्या ऋतूचे ज्ञान आहे यात आम्हांस शंका नाही. पण देवळाच्या पायऱ्या उतरून दोन शेते ओलांडली की जी मानस लागते, तिच्या पावणीत आपलेच गावकर, आपलेच महाजन बसलेले असतात. तेथे ऋतू नाही, माप नाही, जाळ्याच्या डोळ्याचा आकार नाही. आहे फक्त बोलीचा आकडा. तळीतल्या माशाला देव राखतो आणि मानशीतल्याला सावकार, ही वाटणी कोणत्या शास्त्रात आहे?

कोणी म्हणेल, उत्पन्न बुडेल. थोडे बुडेल, हे आम्ही मान्य करतो. खारावलेल्या शेताचे किती बुडाले, याचा हिशेब मात्र पावणीच्या वहीत लिहिलेला नसतो. ज्या गावांत मानशीची पावणी अजून गावाच्या हातात आहे, तेथे पुढच्या बोलीआधी अटी वाचून दाखवाव्यात, आणि त्या मराठीत वा कोंकणीत, सर्वांना समजतील अशा असाव्यात. भरतीला दार किती वेळ उचलावे हे बोलीदाराने नव्हे, शेत कसणाऱ्याने ठरवावे. विणीच्या दिवसांत मुखाशी जाळे लागू नये. पोर चोणक आणि मोठी मादी पाण्यात परत सोडावी, आणि मापाची पट्टी मानशीच्या खांबालाच खिळून ठेवावी, म्हणजे रात्री कंदील घेऊन येणाऱ्याला ती दिसली नाही असे म्हणता येणार नाही. अट मोडली तर अनामत जप्त. गावच्या महाजनांना हे करावयास सरकारची परवानगी लागत नाही. त्यांनी पावणीच्या दिवशी तोंड उघडले तरी पुरे.