दीड कोटींचा हिशेब आमच्याकडूनच का?

ऑगस्ट २०२५ मध्ये तिरुअनंतपुरमला केरळ सरकारची चित्रपट धोरण परिषद भरली. तिथे ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन बोलले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला दिग्दर्शकांच्या चित्रपटासाठी सरकार दीड कोटी रुपये देते, ते फार होतात. ५०-५० लाख तिघांना वाटा आणि आधी ३ महिने त्यांना शिकवा, असा त्यांचा सल्ला. गायिका पुष्पवती यांनी सभागृहातच हरकत घेतली. त्यांचे आम्ही अभिनंदन करतो.

अडूर मोठे कलावंत आहेत, यात वाद नाही. पण त्यांची कारकीर्द कशावर उभी राहिली? शिकले पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. पहिला चित्रपट 'स्वयंवरम्' (१९७२) काढला तो सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जाच्या आधाराने. पुढे त्याच पुण्याच्या संस्थेचे अध्यक्षपद मिळाले. शिक्षण सरकारी, भांडवल सरकारी, खुर्चीही सरकारी! तेव्हा कुणी म्हटले नाही की या तरुणाचे कर्ज तिघांत वाटा.

कोट्टयमच्या चित्रपट संस्थेला के. आर. नारायणन यांचे, देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतींचे नाव आहे. तिथे प्रवेशात आरक्षण डावलले जाते, जातिभेद होतो, असा आरोप करून विद्यार्थी डिसेंबर २०२२ मध्ये संपावर बसले. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांनी राजीनामा दिला. संस्थेचे अध्यक्ष होते अडूर. संचालकांची बाजू घेत तेही पायउतार झाले. (शिकवण्याची हौस असणाऱ्यांनी तिथल्या मुलांचे ऐकायला हवे होते.)

केरळची ही योजना खैरात नाही. संहितांची छाननी होते, निवड होते आणि निर्मिती राज्याचे चित्रपट विकास महामंडळ करते. संविधानाचे कलम ४६ राज्याला दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे, शैक्षणिक व आर्थिक हित जपायला सांगते. प्रशिक्षण चांगलेच, पण मग ते प्रत्येक नवोदिताला द्या. जात पाहून अडाणी ठरवू नका.

आपल्याकडे मराठी चित्रपटाला अनुदान मिळते ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन. म्हणजे आधी खिशात पैसा हवा. वस्तीतल्या पोराने कॅमेरा कशाच्या जोरावर भाड्याने आणायचा? संहितेच्या टप्प्यावरच निर्मितीखर्च देणारी केरळसारखी योजना आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात मागावी. मसुदा करून द्यायला आम्ही वकील मंडळी तयार आहोत.