लेथवरची गाडी, लॅपटॉपवरची गाडी

१९०७ साली रोल्स-रॉइसची एएक्स २०१ क्रमांकाची ‘सिल्व्हर घोस्ट’ लंडन-ग्लासगो मार्गावर रात्रंदिवस धावली, थांबली ती फक्त रविवारी. एकदाही बंद न पडता तिने १४,३७१ मैल कापले. मग रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ती पूर्ण खोलण्यात आली. पुन्हा नव्यासारखी करायला लागलेल्या भागांचा खर्च निघाला जेमतेम दोन पौंड. त्या धावण्याचा बोलबाला झाला. आपल्या धंद्यातल्या माणसाला महत्त्वाचं वाटावं ते हे खोलणं.

सात लिटरचं इंजिन, तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक, सात बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, दाबाखाली वंगण. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते, मायक्रोमीटरने मोजता येते. बेअरिंग झिजलं तर व्हाइट मेटल ओतायचं आणि लेथवर मापात आणायचं. मूळ कारखान्यातलं कुणी हयात नसलं तरी चांगल्या मिस्त्रीचं अडत नाही.

आता १९९२ ची मॅक्लारेन एफ-१ घ्या. गॉर्डन मरेची रचना, कार्बन फायबरचा सांगाडा, मधोमध चालकाची सीट, बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही-१२ इंजिन. १९९८ साली तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. चालवण्याचं यंत्र म्हणून ती घोस्टपेक्षा थोर आहे, यात मला शंका नाही. पण तिच्या सर्व्हिसिंगसाठी नव्वदच्या दशकातला कॉम्पॅक लॅपटॉप आणि त्यात बसणारं खास कार्ड लागतं. अवघ्या १०६ गाड्या बनल्या, कोट्यवधींची किंमत, म्हणून कंपनी स्वतः ते जुने लॅपटॉप जपत आली. त्याच काळातल्या साध्या गाड्यांसाठी एवढं कोण करणार?

काळजी आहे ती याची. ईसीयूतले कपॅसिटर गळतात, कनेक्टर गंजतात, हे आपण रोज पाहतो आणि दुरुस्तही करतो. पण त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम एकदा पुसला गेला, की तो लेथवर पुन्हा घडवता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज ठरते. नव्वदच्या दशकातल्या गाड्या २०४० नंतर त्या वयाला पोचतील. तेव्हा त्यांच्यावर हात चालवणारी पोरं आज आपल्याच गॅरेजात पाने देत उभी आहेत.

म्हणून जुना स्कॅनर भंगारात घालू नका. त्याची केबल, कार्ड आणि तो ज्यावर चालतो तो संगणक एकत्र ठेवा. चालू स्थितीतला ईसीयू हाती आला, तर मालकाला विचारून त्यातला प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि त्यावर मॉडेल, साल, पार्ट नंबर लिहा. वायरिंगचे नकाशे तेलाने खराब होण्याआधी स्कॅन करा. आणि शिकाऊ पोराला व्हाइट मेटल ओतायला शिकवाल, त्याच आठवड्यात त्याच्या हाती सोल्डरिंग आयर्नही द्या.