डबा घेऊन भट्टीवर चला

दिवाळीच्या फराळातले बहुतेक पदार्थ मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढून केले जातात. चकली, शेव, करंजी, अनारसे, शंकरपाळे या सगळ्यांना तापलेलं तेल लागतं आणि कढई चढली की घरातलं पहिलं वाक्य असतं, "आत यायचं नाही." लाडवाचा पाक तर मोठ्या माणसालाही शेजारी उभं राहून बोलू देत नाही. नानकटाईचं तसं नाही. तिचं भाजण्याआधीचं सगळं काम गार हातांनी, जमिनीवर बसून, एका परातीभोवती होतं. बालवाडीतलं पोर आणि ऐंशीची आजी एकाच परातीला बसू शकतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की बाकीचा फराळ विकत आणायचा तर आणा, नानकटाई मात्र घरच्या सगळ्यांनी मिळून करा. आणि जवळपास बेकरीची भट्टी असेल तर ती भाजायला तिथेच न्या.

मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी केली. गोदावरीच्या काठावरच्या या केंद्रात १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले आणि २१० मेगावॉटचे तीन १९७९ ते १९८१ या काळात. माणसं भुसावळहून, परळीहून, कोराडीहून बदलून आली, काही आसपासच्या गावांतली होती. वसाहतीत एकाच जिन्यावर चार तऱ्हेची मराठी ऐकू यायची आणि चार तऱ्हेची नानकटाई खायला मिळायची. कोणी मैद्यात मूठभर रवा घालायचं, कोणी बेसन. वेलदोडा की जायफळ यावर दोन घरांचं कधी एकमत झालं नाही आणि व्हायची गरजही नव्हती.

बॉयलर सणाला विझत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही कोणीतरी पॅनेलसमोर बसलेलं असतंच. त्यामुळे वसाहतीतल्या घरांचा फराळ शिफ्टच्या तक्त्यावर ठरायचा. ज्याची रात्रपाळी, तो दुपारी मोकळा. घरातल्या बायकांनी आणि मुलांनी सकाळी पीठ मळून ठेवायचं आणि रात्रपाळीच्या माणसाने थोडी झोप काढून दुपारी पितळी डबा सायकलच्या कॅरियरला बांधून एकलहरे रोडने नाशिकरोडची भट्टी गाठायची. पुढच्या दांडीवर एखादं पोर बसलेलं असायचंच.

दुपारच का, याला कारण होतं. विटांची भट्टी आतल्या लाकडावर तापते. ज्वाळा खाली बसल्या की निखारे बाजूला सारतात आणि पुढचं भाजणं विटांनी साठवलेल्या उष्णतेवर होतं. सुरुवातीला भट्टी कडक असते, तेव्हा पाव जातो. मग ती हळूहळू उतरत जाते आणि खारी, टोस्ट, बिस्किटं यांची पाळी येते. तुपाच्या नाजूक नानकटाईला लागणारी आच पावाचं काम संपल्यावरच मिळते. आम्ही साधारण ५४० अंशांच्या वाफेशी रोज वागणारी माणसं; पण त्या भट्टीवाल्याकडे ना तापमापक होता, ना पॅनेल. तो दारातून हात आत धरायचा आणि सांगायचा, "अजून थांबा." उष्णतेची इतकी पक्की जाण मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

भट्टीवर रांग असायची. प्रत्येक घराचा डबा, त्यावर नावाची चिठ्ठी. तिथे ओट्यावर पत्र्याचे ट्रे मांडलेले असायचे आणि गोळे वळायला ज्याची त्याची मुलं. दुसऱ्याच्या ट्रेमधले गोळे वाकडे दिसले तर शेजारची बाई न विचारता सारखे करून द्यायची. भट्टीवाले मुसलमान, त्यांच्या घरची ईदची बिस्किटं आणि आमची दिवाळीची नानकटाई एकाच विटांवर भाजली गेली. याबद्दल तिथे कोणी भाषण केलं नाही. लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत जायचे, बाहेर यायचे आणि गरम नानकटाईला हात लावू नका, मोडेल, हे प्रत्येक मुलाला प्रत्येक वेळी सांगावं लागायचं. गरम असताना ती मऊच असते. तूप थिजून ती घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. थांबणं शिकवायला मला तरी याहून चांगला धडा माहीत नाही.

नानकटाई आमच्या भागात आली ती सुरतेकडून, असं सांगतात. सुरत आम्हाला परकी नाही, सापुताऱ्याचा घाट उतरला की तिकडचाच रस्ता लागतो. डच व्यापाऱ्यांच्या बेकरीतून ही विद्या पारशी दोटीवाला घराण्याकडे आली आणि अंड्याशिवायचं, ताडीशिवायचं हे बिस्किट सगळ्यांना चालणारं ठरलं, अशी तिची गोष्ट आहे. म्हणजे जन्मापासूनच ती चार घरांत फिरलेली.

आता प्रमाणाबद्दल थोडं, कारण माझ्या मतातला महत्त्वाचा भाग तिथेच आहे. आमच्याकडे अर्धा किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, पाव किलो साजूक तूप. त्यात दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि बेकिंग पावडर. तूप वितळलेलं नको, रवाळ घट्ट हवं. ते साखरेबरोबर परातीत तळहाताने फेसायचं, रंग पांढरा होईपर्यंत. या फेसण्यात तुपात हवा भरते आणि नानकटाईचा खुसखुशीतपणा बराचसा त्या हवेतून येतो. हे काम मुलांना फार आवडतं. मैदा घातल्यावर मात्र जोर लावायचा नाही. फार मळलं की चिवटपणा येतो आणि नानकटाई दगड होते. साखर दाणेदार राहिली तर भाजताना वितळून पसरते आणि बिस्किट चपटं होतं. साखर घरच्या मिक्सरवर दळलेली बरी, विकतच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च मिसळलेला असतो.

या सामानाचे वीस ग्रॅमचे गोळे वळले तर साधारण पन्नास होतात. प्रत्येकात पाच ग्रॅम साखर, पाच ग्रॅम तूप. हा हिशेब मी माझ्या नातीला करायला लावतो. ती पाचवीत आहे, तिला भागाकार येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली हवी, पाच टक्क्यांखाली असेल तर आणखी चांगलं. मोठ्या माणसासाठी ते पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम. म्हणजे पाच नानकटाया खाल्ल्या की दिवसाचा कोटा संपला, चहातली साखर वेगळीच. पुड्यावरचा बारीक छापलेला तक्ता माझी नात कधी वाचणार नाही. पण पाव किलो साखरेचा ढीग तिने स्वतः तराजूत टाकला आहे. तो ढीग पाहिलेलं मूल तिसरी नानकटाई उचलताना विचार करतं, हे मी घरात पाहतो. गोड खाऊ नका असं मुलांना सांगत बसण्यापेक्षा गोड कशाचं होतं ते त्यांच्या हातून होऊ द्यावं.

तुपाचंही तसंच. स्वस्त नानकटाई वनस्पती तुपात होते, ते काही लपलेलं नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणून १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर ठेवली. नियम चांगला आहे. पण सुट्या मालाच्या बरणीवर काही लिहिलेलं नसतं. भट्टीवर डबा नेण्याची पद्धत जुन्या बायकांनी याच कारणाने धरून ठेवली होती: सामान आपलं, आच तुमची. भट्टीवाल्यावर अविश्वास नव्हता. आत काय जातं ते आपण ठरवायचं, एवढाच त्यांचा आग्रह होता.

आता घरोघरी ओव्हन आले. त्याआधी आमच्या वसाहतीत ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन होते, झाकणाला काच असलेले. त्याहीआधी कढईत वाळू तापवून तिच्यावर ताटली ठेवायची. घरच्या ओव्हनला माझा विरोध नाही. दहा मिनिटं आधी तापवा, १६० ते १७० अंशांवर ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत नानकटाई होते. मात्र वीज बनवण्यात आयुष्य गेल्यामुळे एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. दीड हजार वॉटचा ओव्हन चाळीस मिनिटं चालला की एक युनिट जळतं आणि कोळशावरच्या केंद्रात एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. बारा नानकटायांचा एक छोटा ट्रे लावून ओव्हन पुन्हा पुन्हा तापवणं मला पटत नाही. चार घरांचं पीठ एका मोठ्या ओव्हनमध्ये एकामागून एक भाजलं तर तीच उष्णता सगळ्यांच्या कामी येते. भट्टीचा सगळा शहाणपणा यातच आहे.

आणि याच ठिकाणी मला शहराच्या कारभाऱ्यांशी बोलायचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावं असा आदेश दिला. नाशिकही राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे. आज ना उद्या तो प्रश्न इथे येणारच. मी धुराची बाजू घेणार नाही. कोळसा जाळण्याचं काम केलेल्या माणसाला धूर काय असतो ते दुसऱ्याने सांगायला नको. भट्ट्या गॅसवर किंवा विजेवर आल्याच पाहिजेत. पण मोठ्या बेकरीला नवा ओव्हन परवडतो, गल्लीतल्या भट्टीवाल्याला तो कर्जाशिवाय घेता येत नाही. नुसती नोटीस मिळाली तर तो दुकान बंद करेल आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकायला येतील. महापालिकेने आणि वीज कंपनीने मिळून अशा छोट्या भट्ट्यांना ओव्हनसाठी सोपं कर्ज आणि दरात सवलत द्यावी. त्या बदल्यात एकच अट घालावी: गिऱ्हाइकाने आणलेलं पीठ वाजवी मजुरीत भाजून द्यायचं. ही सेवा कागदावर कुठेच नाही, म्हणून ती गेली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

भट्टी टिकवायची तर घरी पीठ मळणारे हातही हवेत. माझी पुतणी जर्मनीत राहते. तिकडे नाताळाआधीच्या आठवड्यांत घरोघरी साखरेची बिस्किटं भाजतात, मुलं साचे घेऊन ओट्याला चिकटलेली असतात आणि डबे भरून शेजारी वाटतात. तिने तिथल्या मैत्रिणींना नानकटाई करून नेली, त्यांनी तिला चांदणीचा साचा दिला. तिथे हा सण-उद्योग जपावा असं कोणाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे फराळाची ऑर्डर देणं सोपं झालं आणि त्यात बाईची सुटका झाली, हे खरं आहे. फराळाचं ओझं एकटीच्या पाठीवर होतं, ते उतरलं हे चांगलंच झालं. पण ओझं उतरवण्याचा दुसराही मार्ग होता, तो म्हणजे बाकीच्यांनी परातीला बसणं. नवऱ्याने तूप फेसावं, मुलांनी गोळे वळावेत, आजोबांनी वजन करावं आणि वर चारोळी लावावी. तासाभराचं काम आहे.

आमच्या केंद्रातले १४० मेगावॉटचे ते दोन जुने संच कधीच बंद झाले. वसाहतीतली गर्दी ओसरली, जिने शांत झाले. भट्टीवरच्या दिवाळीच्या रांगेत आता ओळखीचे चेहरे थोडेच दिसतात. तरीही सामान घेऊन गेलं तर भाजून देणारे भट्टीवाले अजून आहेत, नाशिकरोडलाही आणि बाहेरही. त्यांना गिऱ्हाईक हवं आहे.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या भागातली भट्टी शोधा. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी जाऊन भट्टीवाल्याला वेळ विचारा, पावाचं काम कधी उरकतं आणि किती किलो घेणार ते ठरवून घ्या. अर्धा किलो मैदा, पाव किलो साखर, पाव किलो तूप घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडून मोजून घ्या. आणि भट्टीवर जाताना त्याला बरोबर न्या.