शंभर हर्ट्झची घरघर

बंद काचेतून किंवा पत्र्यातून आवाज पलीकडे जातो तो कंपनाच्या रूपाने. हवेचा बदलता दाब काच हलवतो आणि हलणारी काच पलीकडची हवा हलवते. चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या 2920 मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रात, आसपासच्या खुल्या कोळसा खाणींत आणि गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीत कामगार आणि यंत्र यांच्यामध्ये आडोसा असतो तो कंट्रोल रूमच्या काचेचा किंवा डंपरच्या केबिनच्या पत्र्याचा.

आवाज रोखण्याचा रूढ उपाय म्हणजे आडोशाचे वजन वाढवणे. वजन दुप्पट केले की पलीकडचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. 6 मिलिमीटर काच चौरस मीटरला 15 किलो भरते; 12 डेसिबलची घट हवी तर ती 24 मिलिमीटरची, म्हणजे 60 किलोची करावी लागेल. शिवाय स्वर जितका खालचा तितकी काच निष्प्रभ, आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर खालच्या स्वरातलीच असते. वीज 50 हर्ट्झची. गाभ्याचे पोलाद प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणले जाते, म्हणून मूळ स्वर 100 हर्ट्झचा आणि त्यावर 200, 300 हर्ट्झचे. 12 मिलिमीटर पोकळी ठेवून 6 मिलिमीटरच्या दोन काचा बसवल्या, तर मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ही जोडी सुमारे 200 हर्ट्झला जोराने कंप पावते. म्हणजे घरघरीतल्या नेमक्या एका स्वराला मोकळी वाट मिळते.

सक्रिय कंपन नियंत्रण इथे उपयोगी पडते. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलेल्या पीझोविद्युत गुणधर्माच्या चकत्या पॅनेलवर चिकटवतात. विद्युतदाब दिला की चकती आकुंचन-प्रसरण पावते आणि पॅनेल वाकवते. संवेदक कंपन मोजतो, नियंत्रक उलट्या दिशेचा संकेत पाठवतो. व्हर्जिनिया टेकमध्ये ख्रिस फुलर यांनी 1980 च्या दशकात या तंत्राचा पाया घातला. त्यातली महत्त्वाची जाण अशी की सगळे कंपन थांबवावे लागत नाही. पॅनेलचे शेजारशेजारचे भाग विरुद्ध दिशांनी हलत असतील तर खालच्या स्वरांत त्यांचे आवाज एकमेकांना बरेचसे खोडतात. सगळे पॅनेल एकदम पुढे-मागे होते तेव्हाच आवाज जोरात बाहेर पडतो. तेवढी हालचाल दाबली तरी खोलीतला आवाज उतरतो, मग एकूण कंपन फारसे कमी झालेले नसले तरी चालते.

ट्रान्सफॉर्मरचा स्वर ठरलेला आणि सलग असल्याने नियंत्रकाला त्याचा अंदाज आधीच बांधता येतो. ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झच्या थोडी खाली-वर होते, तिचा माग मात्र सतत ठेवावा लागतो. डंपरच्या इंजिनचा स्वर वेगाबरोबर बदलतो, त्यामुळे तिथे काम अवघड. क्रशरचा खडखडाट किंवा सुरुंगाचा धमाका या तंत्राने आवरणार नाही. वरच्या स्वरांत पॅनेलच्या कंपनांचे प्रकार इतके वाढतात की चकत्या पुरत नाहीत. तिथे ग्लासवूल आणि जाड काच हाच चांगला आणि स्वस्त उपाय.

अडचण आहे ती मोजमापाची. नेहमीचे डेसिबल-ए माप 100 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 19 डेसिबल वजा करते. 75 डेसिबलची घरघर कागदावर 56 दिसते आणि आठ तासांची पाळी तिच्यात काढणाऱ्याची तक्रार निराधार ठरते. कंट्रोल रूमच्या काचा बदलण्याआधी वारंवारतेनुसार वेगवेगळे मोजमाप व्हावे आणि त्याचे आकडे कामगारांनाही दाखवावेत.