पक्ष्याची अंडी हॅचरीत नेता येत नाहीत

दोन पक्ष्यांसाठी अख्खा म्युझिक फेस्टिव्हल रद्द! असं कुणी सांगितलं तर आपल्याकडे आधी हसू येईल. पण 2019 मध्ये शिकागोत हे खरंच झालं.

मिशिगन सरोवराच्या काठी माँट्रोज बीच आहे. उन्हाळ्यात तिथे तुफान गर्दी असते. त्या वर्षी पायपिंग प्लोव्हरच्या एका जोडीने तिथल्या वाळूत अंडी घातली. हा आपल्या चिखल्याचा नातेवाईक, चिमणीपेक्षा जरासा मोठा. ग्रेट लेक्स परिसरात तेव्हा याच्या जेमतेम 70 जोड्या उरल्या होत्या. 1990 च्या सुमारास तर वीसही नव्हत्या. लोकांनी त्या जोडीचं नाव माँटी आणि रोझ ठेवलं. घरट्याभोवती कुंपण घातलं, स्वयंसेवक पाळीपाळीने राखणीला उभे राहिले आणि ऑगस्टमधला फेस्टिव्हल शेवटी आयोजकांनी रद्द केला. 2021 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा इमानी 2024 मध्ये त्याच किनाऱ्यावर बाप झाला.

आता आपल्याकडे या. कोकणात कासवांसाठी मोठं काम झालंय. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडलेची अंडी राखली, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला, घरोघरी पाहुणे येऊ लागले. अभिमान वाटावा असंच काम आहे.

पण त्यात एक सोय होती. कासवीण अंडी घालून निघून जाते. ती अंडी अलगद उचलून हॅचरीत पुरली की काम होतं, किनारा माणसांना मोकळा. पक्ष्याचं तसं नाही. त्याच्या अंड्यावर आईबापांना बसावंच लागतं आणि आपल्या उन्हात ते फक्त ऊब द्यायला नव्हे, तर सावली द्यायलाही. टिटवी आणि केंटिश चिखल्या तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी थंड ठेवतात. अशा घरट्याजवळ आपण नुसते सेल्फी काढत उभे राहिलो, तरी पक्षी उठतो. तेवढ्या वेळात अंडी तापतात, कावळा किंवा कुत्रा डाव साधतो. आपण कुणाला दगड मारलेला नसतो, तरी घरटं गेलेलं असतं. वाळूच्या रंगाची अंडी चाकाखाली आली तर गाडीवाल्याला कळतही नाही.

म्हणजे कासवाला वाचवायला मेहनत लागते, पक्ष्याला वाचवायला जागा सोडावी लागते. आणि जागा सोडणं आपल्याला जड जातं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं येतं. तरी दर सीझनला ओल्या वाळूवर एसयूव्ही पळवण्याचे, मग ती भरतीत अडकल्याचे व्हिडिओ येतात आणि आपण ते हसून फॉरवर्ड करतो. हिवाळ्यात दुरून आलेले चिखले आणि कुरव त्याच वाळूवर पोट भरत असतात. त्यांचा थवा उडवायला पोरं धावतात आणि आईवडील कौतुकाने रील काढतात.

काही जण म्हणतील, कोकणातल्या माणसाचं पोट पर्यटनावर आहे, त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. पण माँट्रोजला अख्खा बीच बंद केला नव्हता. घरट्यापुरता तुकडा, तोही अंडी-पिल्लांच्या काळापुरता, बाकी बीच लोकांचाच होता. आणि राखलेला किनारा पाहायला लोक येतात, हे वेळासने दाखवून दिलंय. किनाऱ्यावर गाड्या फिरल्या नाहीत म्हणून कुठल्या खानावळीचं गिऱ्हाईक तुटणार आहे?

मागणी साधी आहे. किनाऱ्यावर गाड्यांना पूर्ण बंदी आणि ती नुसत्या पाटीवर नाही. जिथे घरटं दिसेल तिथे ग्रामपंचायत आणि वनविभागाने चार बांबू आणि एक दोरी लावावी, गावातल्याच कुणाला तरी मानधन देऊन राखणीला बसवावं. आणि आपण? टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, की ती आपल्याला हाकलतेय एवढं समजून घ्यायचं, खाली बघत आल्या पावली मागे फिरायचं. फोटोसाठी थांबायचं नाही.

पटलं तर शेअर करा. पुढच्या कोकण ट्रिपच्या ग्रुपवर तर नक्कीच टाका.