वेग रोखू नका म्हणता, पण मुलींनी जायचे कुठे?

संपादक महोदय,

२९ मेच्या जागतिक पचन आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. भरपूर पाणी प्या, तंतुमय पदार्थ खा, शौचाला लागली की टाळू नका, हे तिन्ही सल्ले रास्तच आहेत. पण शाळेत जाणाऱ्या मुलींनी ते पाळायचे कसे, याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि माझा राग त्याचाच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी गेली. सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी नेणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. पाणी प्यायले की जावे लागते आणि जायची सोय नसते, एवढे साधे कारण. दाराची कडी तुटलेली, म्हणून मैत्रीण बाहेरून दार धरून उभी. टाकी कोरडी, म्हणून हापशावरून बादली आणायची. दहा मिनिटांच्या सुट्टीत किती जणींचा नंबर लागणार? काही ठिकाणी तर 'घाण होते' म्हणून कुलूपच घातलेले असते.

मोठे आतडे मळातले पाणी शोषत राहते. मळ जितका अडवावा तितका तो घट्ट होतो, मग कुंथावे लागते, चीर पडते आणि दुखेल या भीतीने मूल पुन्हा अडवते. ताणून ताणून मलाशयाची जाणीवच मंदावते. मुलांच्या जुनाट बद्धकोष्ठतेत बहुतेक वेळा आतड्याचा आजार सापडत नाही. अडवण्याची ही सवयच मुळाशी असते. तुंबलेले आतडे मूत्राशयावर दाबते, लघवी पुरती होत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. भूक मरते, मूल चिडचिडे होते, अभ्यासात मन लागत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. रोखू नयेत असे १३ वेग त्यात सांगितले आहेत आणि यादीची सुरुवातच मूत्र आणि मळाने होते. आपल्याला हे माहीत नव्हते असे कुणी म्हणू नये.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे सक्तीची केली. बांधकामे झालीही. पण ती साफ कोणी करायची? प्राथमिक शाळेला ना शिपाई, ना सफाई कामगार. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान ठरलेले. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे २,५०० रुपये. महिन्याला जेमतेम २०८ रुपये! एवढ्यात फिनेल, झाडू, साबण येईल की कडी बसेल? अनुदानातले बाकीचे पैसे वीजबिल, दुरुस्ती आणि खडू-कागदात जातात. २०८ रुपयांत मुलींच्या पोटाचे आरोग्य राखता येत नाही, हे मंत्रालयात कुणीतरी एकदा ठणकावून सांगायला हवे.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच मिळतो. त्यातून शाळेसाठी मानधनावर एक माणूस ठेवावा. नियम आड येत असेल तर नियम बदलावा. आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन नळ सोडून आणि आतून कडी लावून पाहावी. कागदावर 'वापरात आहे' अशी नोंद करणे आता पुरे झाले.

आणखी एक. त्याच पुरवणीत 'रात्री एक चमचा, सकाळी पोट साफ' अशी चूर्णाची मोठी जाहिरात आहे. असल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. हे रेचक आहे, वैद्याला न विचारता रोज मुलांना चाटवायची वस्तू नव्हे. अडवून अडवून बिघडलेले पोट आईबाप याच चमच्याने दुरुस्त करू पाहतात. निदान आरोग्याच्या पानावर तरी अशा जाहिराती छापू नका.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा